संदंश: हात, हत्यार आणि विद्या



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, आणि त्यात आपला काही दोष नाही. वसंतातल्या या व्याख्यानांना आपण येतो ते राज्यांचे उदयास्त ऐकायला, संतांची वाणी समजून घ्यायला, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकायला. तेथे प्रयोगशाळेतल्या चिमट्याचा इतिहास सांगायला कोणी उभा राहिला, तर चिमट्यात इतिहास तो काय असणार, असे श्रोत्यांना वाटणारच. माझी विनंती एवढीच, की घटकाभर धीर धरावा. लढाया आणि तह यांच्या इतिहासात जे सहसा दिसत नाही, ते या बोटभर हत्यारात दिसते. एखाद्या समाजाचे डोके आणि त्याचे हात यांचे आपसात कसे चालले होते, ते त्यात दिसते.

प्रारंभ शब्दापासून करू. आपल्या स्वयंपाकघरात सांडशी असते. तापलेले पातेले उतरवायला गृहिणीला ती लागतेच. लोहाराच्या भात्यापाशीही तिचाच थोरला भाऊ पडलेला असतो. ही सांडशी आली संस्कृत 'संदंश' या शब्दापासून. दंश म्हणजे चावा. दोन्ही बाजूंनी मिळून चावा घेतो तो संदंश. वस्तू तर शब्दाहूनही जुनी. हडप्पाच्या उत्खननात धातूच्या तीन लहान हत्यारांची एक जुडी मिळाली: टोचणी, कानकोरणे आणि चिमटा. तशाच जुड्या मेसोपोटेमियातील ऊर आणि किश येथेही मिळाल्या आहेत. कालपरवापर्यंत आपल्या आजोबांच्या करगोट्याला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला असाच एक संच लटकत असे, हे येथे जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. चार हजार वर्षांत त्या संचाच्या घडणीत फारसा फरक पडलेला नाही.

परंतु काटा काढणे वेगळे आणि काटा कोणत्या हत्याराने काढावा याचा विचार करणे वेगळे. हा दुसरा विचार आपल्याकडे व्यवस्थित मांडलेला आढळतो तो सुश्रुतसंहितेत. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यंत्रांची गणना आहे. एकूण यंत्रे १०१. त्यांचे वर्ग सहा: स्वस्तिकयंत्रे २४, संदंशयंत्रे २, तालयंत्रे २, नाडीयंत्रे २०, शलाकायंत्रे २८ आणि उपयंत्रे २५. हाडात रुतलेला बाणाचा फाळ काढायचा तर अठरा अंगुळे लांबीचे स्वस्तिकयंत्र घ्यावे. या यंत्रांची तोंडे सिंह, वाघ, लांडगा, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखी घडवलेली. कातडी, मांस, शिरा आणि स्नायू यांतले शल्य काढायला मात्र सोळा अंगुळांचा संदंश. तोही दोन प्रकारचा, एक बांधणीचा आणि एक बिनबांधणीचा. म्हणजे काय धरायचे आहे आणि ते कशात रुतले आहे, हे आधी पाहायचे. हत्याराची निवड त्यानंतर.

याच अध्यायात सुश्रुताने यंत्रांचे बारा दोष सांगितले आहेत. यंत्र फार जाड असणे, फार लांब किंवा फार आखूड असणे, वाकडे असणे, सैल असणे, हे दोष कोणाच्याही ध्यानात येतील. पण त्यातली तीन नावे मला विशेष मोलाची वाटतात: अग्राही, विषमग्राही आणि मृदुमुख. जे धरतच नाही ते अग्राही; जे धरते पण सारखे धरत नाही ते विषमग्राही; आणि ज्याचे तोंड मऊ लोखंडाचे असल्याने ऐनवेळी नमते ते मृदुमुख. असे शब्द केवळ ग्रंथ वाचून सुचत नाहीत. ज्याच्या हातातून शल्य निसटले आहे, त्यालाच ते सुचतात. सर्व यंत्रांत कंकमुख श्रेष्ठ, कारण ते सहज आत जाते, सहज बाहेर येते आणि धरलेले सोडत नाही, असा निर्णय सुश्रुताने दिला आहे. आणि या शंभर यंत्रांच्याही वर त्याने ज्याला प्रधान यंत्राचे स्थान दिले, तो आहे वैद्याचा हात.

हा हात तयार कसा करायचा, तेही त्याने सांगितले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर करावा. आत रुतलेली वस्तू ओढून काढण्याचा सराव फणस, तोंडले आणि बेलफळ यांच्या गरातून करावा. कोकणातल्या मंडळींना यातले मर्म वेगळे सांगायला नको. पिकल्या फणसाच्या गऱ्यातून आठळी काढावी आणि गरा फाटू नये, हे ज्याला जमले त्याच्या बोटांना काही शिक्षण मिळाले, असे खुशाल समजावे.

आणखी एक गोष्ट सुश्रुत सांगतो, आणि आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचा आधार तीच आहे. शहाण्या वैद्याने आपली शस्त्रे आपल्या कामात निष्णात असलेल्या लोहाराकडून, शुद्ध लोखंडाची करून घ्यावीत. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा वापरावी, आणि धार टिकावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी जवळ ठेवावी. येथे वैद्य आणि लोहार समोरासमोर बसलेले आपल्याला दिसतात. वैद्याला लोखंडाचे गुण कळले पाहिजेत, आणि लोहाराला शिरेचा नाजूकपणा समजला पाहिजे. दोघांपैकी एक जरी दुसऱ्याच्या ओट्यावर चढायला लाजला, तरी ते शस्त्र नीट होणार नाही.

आणि आपल्याकडे पुढे नेमके तेच घडले. त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. तो आपल्या पुण्याचाच आहे. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ त्याला नवे नाक बसवण्यात आले. ही क्रिया पाहायला मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर उपस्थित होते, आणि तिचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. नाकाच्या मापाचा मेणाचा साचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवून, भुवयांमधली अरुंद पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवून, ती खाली वळवायची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या. पानाला लावतो तोच कात! हा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया करून दाखवली, आणि युरोपातील आधुनिक नासासंधानाचा पाया घातला गेला.

आता ही शस्त्रक्रिया करणारा तो मनुष्य कोण होता? त्या वृत्तांतात त्याचे नाव नाही. विटा घालणाऱ्या जातीचा, एवढाच उल्लेख आहे. सुश्रुताची पोथी ज्यांच्या घरी होती त्यांच्या हातून ही क्रिया होत नव्हती, आणि ज्याच्या हातात ही क्रिया होती त्याच्या घरी पोथी असण्याचा संभव नव्हता. विद्या मेली नव्हती. पण ती दुभंगली होती. ग्रंथ एका आळीत आणि हात दुसऱ्या आळीत, आणि मधली वाट बंद! हात बापाकडून मुलाकडे जात राहिला, पण त्याच्यावर विचार झाला नाही, त्याचे दोष कोणी मांडले नाहीत, त्याच्यात नवी भर पडली नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या आपल्या इतिहासात, ज्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला, हेच दुखणे दाखवले आहे. कलाकौशल्ये खालच्या मानलेल्या जातींकडे गेली, बुद्धिमान वर्ग त्यांच्यापासून दूर झाला, आणि 'हे असे का होते' हा प्रश्न विचारणारेच कोणी उरले नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो कोणाला कडू वाटेल. पण कावसजीच्या नाकाची गोष्ट ऐकल्यावर तो खोटा म्हणणे कठीण आहे.

आता जरा युरोपकडे वळू. तेथे सगळे सुरळीत होते असे मुळीच नाही. हाताने काम करणाऱ्याला तेथेही पंडित कमीच लेखत. परंतु सतराव्या शतकात काही विद्वान स्वतःच हत्यार हातात घेऊन बसले. हॉलंडमधला यान स्वामरडाम हा त्यांपैकी एक. हा १६३७ साली जन्मला आणि १६८० साली, पुरती पन्नाशीही न गाठता, वारला. त्याने आयुष्य घालवले ते मधमाश्या, माश्या आणि एक दिवसाचे आयुष्य लाभलेले किडे यांचे विच्छेदन करण्यात. त्याच्या कात्र्या आणि सुऱ्या इतक्या बारीक असत, की त्यांना धार लावायलाही भिंग लागे. पोळ्यातल्या ज्या मोठ्या माशीला लोक शतकानुशतके 'राजा' म्हणत आले, तिच्या पोटात त्याने अंडाशय दाखवला, आणि राजाची राणी झाली. केवळ युक्तिवाद करून हा वाद कधीही मिटला नसता. कात्री पुरेशी बारीक झाली, तेव्हा तो मिटला.

परंतु प्रत्येक अभ्यासकाने स्वतःची हत्यारे स्वतःच घडवायची म्हटले, तर शास्त्र पुढे सरकणार कसे? त्याला हात दिला तो घड्याळजीने. जिनिव्हात घड्याळजींचा संघ १६०१ साली स्थापन झाला, आणि पुढे जुरा पर्वताच्या खोऱ्याखोऱ्यांत हा धंदा पसरला. हिवाळ्यात बर्फाने शेते झाकली, की शेतकरी खिडकीशी बसून चाके आणि स्क्रू घडवीत. केसासारखी स्प्रिंग बसवायची, राईहून लहान स्क्रू उचलायचा, आणि त्यावर ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही! या गरजेतून चिमट्यांचे एक कुळच जन्माला आले, आणि त्यांना क्रमांक पडले. तीन क्रमांकाचा सरळ आणि दणकट. पाच क्रमांकाचा सुईसारखा निमुळता. सात क्रमांकाचा वाकड्या चोचीचा. आज जगातल्या कोणत्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन 'पाच नंबर' मागा. अकरा सेंटिमीटरांचा तोच चिमटा आपल्या हाती येईल. घड्याळजीचे क्रमांक शास्त्रज्ञांनी जसेच्या तसे उचलले. या खोऱ्यांतून केवळ चिमटेच आले असेही नाही. १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवणारा शार्ल एदुआर गियोम हा याच जुरातल्या फ्ल्यूरिए गावच्या घड्याळजीच्या घराण्यातला. उष्णतेने जवळजवळ न वाढणारा 'इन्व्हार' हा मिश्रधातू त्याने शोधला. बापाचा धंदा आणि मुलाची विद्या यांच्यामध्ये तेथे भिंत उभी राहिली नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते.

या देवघेवीचे परमोच्च उदाहरण म्हणजे जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा हान्स श्पेमान. अंड्यातला कोणता भाग पुढे पाठीचा कणा होतो, कोणता डोळा होतो, आणि हे कोण ठरवते, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी तो पाणसरड्याच्या, म्हणजे न्यूटच्या, दीडएक मिलिमीटरच्या गर्भावर शस्त्रक्रिया करी. गर्भावरचे पातळ आवरण सोलायला दोन बारीक चिमटे, दोन हातांत दोन. परंतु आवरणाच्या आत मात्र पोलाद चालत नाही. धातूचे टोक त्या कोवळ्या पेशी फाडून टाकते. मग त्याने काचेची कांडी तापवून ओढली आणि तिची सुई केली. अंडे मधोमध आवळायला आणि कापलेला तुकडा ढकलायला त्याने तान्ह्या बाळाच्या केसांचा फास केला. मोठ्या माणसाचा केस राठ पडतो म्हणून तान्ह्याचा! त्याची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने याच हत्यारांनी एका गर्भाचा तुकडा दुसऱ्यात बसवला, आणि तेथे दुसरा आख्खा गर्भ आकार घेऊ लागला. १९२४ साली हा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात वर्णन केलेले यशस्वी गर्भ अवघे सहा. त्याच वर्षी घरात शेगडीचा भडका उडून ती तरुण विदुषी मृत्यू पावली. श्पेमानला १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राची एक मोठी वाट तान्ह्याच्या केसाने उघडली, हे विसरू नये.

आता आपण विचाराल, की मग चिमटा निवडावा कसा? हे मी एका प्रयोगशाळेत आणि एका बोळात शिकलो. महाविद्यालयात असताना झुरळाचे मज्जातंतू सोडवण्याचे काम माझ्याकडे आले. मला मिळालेला चिमटा नवा, महाग आणि चकचकीत होता. त्याने प्रत्येक वेळी तंतू तुटे. शिक्षक म्हणाले, "तुमचा हात जड आहे." आठवडाभर मी माझ्या हाताला दोष देत बसलो. शेवटी बाजारातल्या बोळात एक वृद्ध घड्याळजी बसत, त्यांना तो दाखवला. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, चिमटा उजेडासमोर धरून हलकेच मिटला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही याची किंमत पाहिलीत. तोंड पाहिलं नाहीत." दाबल्याबरोबर त्याची टोके एकमेकांवर कातरीसारखी चढत होती. त्यांनी बारीक दगडावर दहा मिनिटे काम केले, आणि माझा हात एकाएकी हलका झाला. सुश्रुताचा 'विषमग्राही' हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्या म्हाताऱ्यांनी शिकवलेली परीक्षा मी आपल्याला सांगतो. चिमटा उजेडासमोर धरून हळूच मिटावा. प्रथम टोकाला टोक भिडले पाहिजे, आणि मागे उजेडाची फट दिसली पाहिजे. आणखी दाबले, की ती फट टोकाकडून मागे मिटत जावी. जोराने दाबल्यावर टोके फाकली, तर तो अग्राही. एकमेकांवर चढली, तर विषमग्राही. वाकली, तर मृदुमुख. मग काचेवर पडलेला एक केस उचलून पाहावा. शेवटी स्प्रिंग पाहावी. ती ताठ असेल, तर तासाभरात अंगठा थकतो, हात कापू लागतो, आणि मग जगातला उत्तम चिमटाही निरुपयोगी होतो.

धातूचेही असेच. कर्बयुक्त पोलाद कठीण असते, त्याला टोक फार सुंदर येते. पण ते खाऱ्या पाण्यात गंजते आणि लोहचुंबकत्व धरते. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हापासून खारट द्रवात काम करणाऱ्यांची सोय झाली. टायटॅनियम हलके आणि चुंबकाला दाद न देणारे. पण कठीण पोलादापेक्षा त्याचे टोक लवकर नमते. सर्वगुणसंपन्न असा चिमटा नाही. आणि सर्वांत टोकदार तो सर्वांत चांगला, हा तर नवशिक्याचा भ्रमच. पॅरिसजवळ १८८९ पासून जगाचे वजन ठरवणारा प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम ठेवलेला आहे. त्याला उचलायच्या चिमट्याला मऊ कातड्याचे वेष्टण असे, कारण ओरखड्यानेही वजन घटते आणि बोटाच्या घामानेही ते बदलते. २०१९ च्या मे महिन्यात किलोग्रॅमची व्याख्या बदलली आणि त्या ठोकळ्याचे राज्य संपले. पण १३० वर्षे जगाचा तराजू ज्या चिमट्याच्या भरवशावर चालला, त्याला टोकच नव्हते.

चक्र कसे पुरे झाले, तेही पाहा. १९६० साली अमेरिकेत ज्यूलियस जेकबसन या शल्यविशारदाने सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरहूनही बारीक रक्तवाहिन्या सांधल्या. त्या कामाला रुग्णालयातली हत्यारे जाड पडू लागली, तेव्हा जवाहिऱ्यांची आणि घड्याळजींची हत्यारे शस्त्रक्रियेच्या मेजावर आली. तुटलेले बोट पुन्हा जोडण्याची आजची विद्या तेथून वाढली. वैद्याने निष्णात कारागिराकडे जावे, हा सुश्रुताचा उपदेश अशा रीतीने पुन्हा पाळला गेला.

बंधुभगिनींनो, चिमट्याचा हा इतिहास सांगण्यामागचा माझा हेतू आपल्या ध्यानात आलाच असेल. आपल्या घरातला हुशार मुलगा किंवा मुलगी हातात कानस घेऊन बसली, की आपण म्हणतो, "हे कशाला? अभ्यास कर." आपल्या कितीतरी शाळामहाविद्यालयांत प्रयोग हा गुणांपुरता उरकायचा विधी झाला आहे. उपकरणे कपाटात कुलूपबंद असतात, आणि मोडतील या भीतीने ती मुलांच्या हाती पडत नाहीत. त्याच गावात एखादा घड्याळजी, एखादा सोनार, एखादा कातारी आपल्या बोटांत पिढ्यांचे ज्ञान घेऊन बसलेला असतो, आणि त्याला आपण शाळेच्या दारात कधी बोलावीत नाही. पुण्याच्या त्या विटा घालणाऱ्या वैद्याचे नाव आपण गमावले. ते आता काही केल्या परत मिळायचे नाही. निदान यापुढे तरी अशी नावे गमावू नयेत.

मनगटी घड्याळे आता पेशीवर चालतात, आणि बोळातले ते घड्याळजीही आता राहिले नाहीत. त्यांनी घासून दिलेला चिमटा मात्र अजून माझ्याजवळ आहे. टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून मी तो जपून ठेवला आहे, आणि अजूनही तो केस उचलतो.